विहिरीवरची कॉफी

आमच्या घरात कॉफी यायची ती फक्त आजाऱ्यासाठी. ताप आला, तोंडाची चव गेली, की कळंबच्या दुकानातून छोटी पुडी आणायची, दुधात ढवळायची आणि आजाऱ्याला पाजायची. ती चव घेतली की माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायचा, कारण पुन्हा पाजतील ही भीती. अशा घरात माझ्या मालकांनी कॉफीची झाडं लावली.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एकच व्यसन आहे, ते म्हणजे गावात जे कुणी लावत नाही ते लावायचं. आधी कोरफड लावली. ती कुणी घेतली नाही. अजून बांधाला उभी आहे आणि आमच्या शेळ्यासुद्धा तिला तोंड लावत नाहीत. मग सफेद मुसळी लावली, ताकदीची मुळी म्हणून. ती रानडुकरांनी उकरून खाल्ली, आणि पुढच्या वर्षी डुकरांची पिलावळ किती वाढली ते सगळ्या शिवारानं पाहिलं. लोक ह्यांना पारावर विचारायचे, "काय मालक, औंदा काय खाऊ घालताय डुकरांना?" हे हसायचे. मला मात्र त्या पारावर धोंडा घालावासा वाटायचा.

कॉफी आली ती देवदर्शनातून. गावातली मंडळी गाडी करून कर्नाटकात गेली होती, सोबत हेही गेले. बाकीच्यांनी अंगारा आणला, प्रसाद आणला, देवळापुढं उभं राहून काढलेले फोटो आणले. चिकमगळूरच्या बाजूला गाडी चहाला थांबली तेव्हा हे शेजारच्या रोपवाटिकेत शिरले आणि कॉफीची रोपं घेऊन बाहेर आले. सीटखाली रोपं, दोन सीटच्या मधल्या वाटेत रोपं. तिथून कळंबपर्यंत सगळे भक्त पाय वर घेऊन बसले. देवाला जाताना कुणाचे गुडघे दुखले नव्हते, येताना सगळ्यांचे दुखले.

रोपवाटिकेवाल्यानं सांगितलं होतं, सावली पाहिजे, थंडावा पाहिजे, पाऊस भरपूर पाहिजे. आता आमच्याकडं यातलं काय आहे? मे महिन्यात आमच्याकडं सावलीलासुद्धा घाम येतो. सबंध रानात सावली म्हणावी अशी एकच जागा, विहिरीवरची आंब्याची झाडं. आणि ती जागा एकट्या आमची नव्हती.

वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांत सगळं वाटलं गेलं. म्हशी वाटल्या, पितळी भांडी वाटली, सासूबाईंचे सोन्याचे डाग वाटले. विहिरीभोवतीचं अर्धा एकर तेवढं सामाईक राहिलं, कारण विहीर मधोमध होती आणि ती काही कापता येत नव्हती. थोरल्या दिरांना तिथं ऊस लावायचा होता. थोरले दीर म्हणजे ऊसच. सकाळी उठून देवाच्या आधी उसाला हात जोडणारा माणूस. ह्यांनी जाऊन विचारलं, "दादा, विहिरीवर कॉफी लावू का?" त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "लाव. मरतीलच."

एवढ्या परवानगीवर कॉफी लागली.

पहिल्याच उन्हाळ्यात पानं करपायला लागली. सावलीची जाळी आणायची तर हे म्हणाले, आहे की घरात, आणि माझी ट्रंक उघडली. माझ्या जुन्या साड्या बांबूला बांधून झाडांवर ताणल्या. वाऱ्यानं त्या फडफडायच्या, आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून एकेक ओळखायच्या. ही पोराच्या बारशाची, ही नणंदेच्या लग्नातली. एकीनं तर मला बाजारात विचारलं, "तुमचा शालू काय अजून दिसला न्हाय वं?" मी घरी येऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तरी निम्मी झाडं गेलीच. जी राहिली त्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं, कसं आलं ते मला कळलं नाही. ठिबकची नळी उंदरं कुरतडायची, मग मी घागरीनं घालायची. घालताना शिव्या द्यायची. "पी मेल्या, पी. तुझ्यापायी माझी साडी गेली." असं दोन उन्हाळे चाललं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी गेले तर सगळी झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि वास असा की मोगऱ्यानं मान खाली घालावी. मी तिथंच बसले. त्या दिवशी मला ती झाडं आवडायला लागली. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मग ह्यांचं तोंड दोन दिवस मिटलं नसतं.

पहिली फळं धरली तेव्हा ओंजळभरच बिया निघाल्या. त्या आम्ही शेंगदाण्यासारख्या तव्यावर भाजल्या आणि मिक्सरमधून काढल्या. हे ती कॉफी थर्मासमध्ये भरून गावोगाव हिंडले. कळंबच्या चहावाल्याला पाजली. त्यानं एक घोट घेतला आणि ह्यांना फुकट चहा दिला, तोंड धुवायला म्हणून. धाराशिवला एका ओळखीच्या साहेबांकडं नेली. साहेब "वा, वा, अभिनव प्रयोग" म्हणाले, कप हातात धरून फोटो काढला आणि कप तसाच टेबलावर ठेवला. आमच्या ह्यांना त्यातलं फक्त वा-वा ऐकू आलं.

मग एक उन्हाळा असा आला की विहिरीनं तळ दाखवला आणि थोरल्या दिरांचा ऊस डोळ्यांदेखत वाळला. कॉफी मात्र घागरीवर हिरवी राहिली. माणसाला दुसऱ्याचं हिरवं त्या वेळी फार टोचतं. ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. ह्यांनी बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"यंदा शेवट," ते ह्यांना म्हणाले. "चार वर्सं तमाशा बघितला. आता कुणीतरी जाणत्या माणसानं ही कॉफी इकत घेतली पायजे. घेतली तर ठेव, मी चकार शब्द काढणार न्हाय. न्हाय घेतली, तर झाडं काढायची, आन् तिथं ऊस लागंल. कबूल?"

"कबूल," हे म्हणाले.

आमच्या घरात भावाभावांत कबूल म्हटलं की पुढं कागद लागत नाही. सासरे एकदा भर बाजारात कबूल म्हणून गेले आणि लाडका बैल देऊन बसले. आठवडाभर गोठ्यात बसून रडले, पण बैल परत मागितला नाही. असलं हे घराणं. 

ह्यांनी मग फोनवर शोधून शोधून पुण्याची एक मुलगी गाठली. ती कॉफी भाजून विकते, आणि तीसुद्धा एकाच शेतातली. ह्या शेताची त्या शेताच्या कॉफीत मिसळायची नाही असा तिच्या धंद्याचा दस्तूर. पाकिटावर शेताचं नाव, गावाचं नाव, रान समुद्रापासून किती उंच आहे ते, सगळं छापायचं. आमची तूर, सोयाबीन आडतीवर गेली की कुणाच्या ढिगात कुणाची मिसळते ते ब्रह्मदेवाला ठाऊक नसतं, आणि इथं कॉफीला थेट पत्ता. तिनं ह्यांना नमुना म्हणून काही पाकिटं पाठवली. त्यावर चवी लिहिलेल्या होत्या: जर्दाळू, संत्र्याची साल, मध, जाईचं फूल. मी सगळी पाकिटं उलटीसुलटी करून वाचली. कॉफीत कॉफीची चव लागते असं एकावरही लिहिलेलं नव्हतं.

"आपल्या कॉफीत कसली चव निघंल?" ह्यांनी मला विचारलं.

"माझ्या साड्यांची," मी म्हटलं.

दिवाळीनंतर फळं लाल व्हायला लागली. आमच्याकडं पीक काढायची एकच रीत आहे. रान आलं की माणसं लावायची आणि एका दमात मोकळं करायचं. सोयाबीनच्या शेंगा काय एकेक विचारून तोडतो का आपण? तसंच केलं. लाल, पिवळं, हिरवं, हाताला लागेल ते ओरबाडून घेतलं, गच्चीवर तुरीच्या शेजारी वाळवलं आणि उखळात हलक्या हातानं कांडून बिया काढल्या. मूठ-दोन मुठी बिया पुण्याला धाडल्या. त्या मुलीचा फोन आला, "मी बिया भाजून घेऊन येते. शेत बघते आणि झाडांजवळच चाखते. कोणत्या दिवशी येऊ?"

आणि ह्या शहाण्या माणसानं तिला दिवस दिला वेळ अमावस्येचा.

वेळ अमावस्येला आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं, करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना हळदकुंकू लावायचं, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा निवद दाखवायचा, आंबील रानाच्या चौफेर शिंपडत अशी आरोळी ठोकायची की जिचा अर्थ ठोकणाऱ्यालाही माहीत नसतो, आणि मग रस्त्यानं जो दिसेल त्याला ओढून आणून पोट फुटेस्तोवर जेवू घालायचं. भज्जीत पालेभाज्या, ओला हरभरा, तुरीचे दाणे, सगळं एकत्र शिजवतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं. आणि दोन्हीत लसूण किती घालायचा याला आमच्याकडं मर्यादा नाही.

"अहो, तोच दिवस का?" मी विचारलं.

"समदं शिवार रानात असतंय. हूं दे की समद्यांच्या डोळ्यांदेखत," हे म्हणाले. त्या मुसळीच्या डुकरांचा हिशोब त्यांना एका दिवसात चुकवायचा होता.

मुलगी एसटीनं कळंबला उतरली. हे गाडीवर आणायला गेले. पंचविशीची असेल, पाठीवर बोचकं, त्यात कप, किटली, हातानं फिरवायचं दळणयंत्र. येताना प्रत्येक रानातून हाका: "या, जेवायला या!" ती ह्यांना म्हणाली, "काका, आधी चाखू दे. आत्ता काही खाल्लं तर जीभ बिघडेल." झालं. हे गाडीवरून प्रत्येक बांधाला ओरडत आले, "मागून येतो! पावण्यांची जीभ कोरी ठेवायची हाय!" आमच्याकडं वेळ अमावस्येला वैरीसुद्धा घास नाकारत नाही. थोरल्या दिरांच्या रानापुढून जाताना माझ्या थोरल्या जाऊबाई वाडगं घेऊन रस्त्यात उभ्या होत्या. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्या तशाच वाडगं हातात धरून बघत राहिल्या म्हणे.

मुलीनं आधी सगळी झाडं फिरून पाहिली. शेंड्याला राहिलेलं एक लाल फळ तोडून तोंडात टाकलं, चघळलं, बी थुंकली आणि मान हलवली. नुसती मान हलवली, पण ह्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. मग तिनं सपाट काहीतरी मागितलं. रानात टेबल कुठून आणू? मी कोपीतला पाट दिला. तिनं तो कोपीपुढंच मांडला, त्यावर पाच कप ओळीनं ठेवले, प्रत्येकात कॉफीचं भरड पीठ घातलं आणि वरून उकळतं पाणी ओतलं. एकाच कॉफीचे पाच कप कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, एकात जरी चूक असली तरी कळते. मग म्हणाली, "आता थोडं थांबायचं. तोवर चमचे धुऊन येते." हे तिला घेऊन विहिरीवर गेले. मी चुलीकडं वळले, भज्जी खाली लागत होती.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई आल्या. पाव्हणी उपाशी फिरतेय हे त्यांना सहन झालं नव्हतं, म्हणून आंबिलीचं मडकं कमरेवर घेऊन आल्या होत्या. त्यांनी बघितलं, कोपीपुढं पाट, पाटावर ओळीनं पाच, वाफा निघतायत.

"या बया," त्या म्हणाल्या, "किती गुणाची पोर! पुण्याची असून पांडव मांडले बघ."

मला वाटलं त्या कोपीतल्या दगडांबद्दल बोलतायत. मी पाठमोरीच "व्हय वं" म्हटलं. मी वळले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पाची कपांना हळदकुंकू, पाची कपांत एकेक पळी आंबील, वर झेंडूची पाकळी. जाऊबाई हात जोडून डोळे मिटून उभ्या. मागं थोरले दीरही येऊन पोचलेले, बायकोचं बघून त्यांनीही टोपी काढलेली.

माझ्या हातातली पळी भज्जीत पडली ती गेलीच.

मुलगी धुतलेले चमचे घेऊन आली आणि पाटापुढं थांबली. हे तिच्यामागं.  जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या, "तू न्हवतीस म्हनून म्या निवद दावला, माय." ती पोर खरंच गुणाची. तिनं चमचा बुडवला, सुर्रकन ओढला आणि म्हणाली, "लसूण." आणि मग ती जी हसत सुटली ती खालीच बसली. मग मी हसले, कारण न हसता दुसरं काय करणार होते? जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर घेतला. हे तेवढे हसले नाहीत. भाजून आणलेल्या बिया तेवढ्याच होत्या आणि त्या सगळ्या त्या पाच कपांत गेल्या होत्या.

मग ती जेवली. तीनदा भज्जी घेतली, आंबील प्यायली, बाकी राहिलेल्या रानांतही जाऊन आली आणि सगळ्यांचा रुसवा काढला. जाताना पिशवीभर कच्च्या बिया घेतल्या, पुण्यात चाखून कळवते म्हणाली. थोरले दीर ह्यांना एवढंच म्हणाले, "थांबतो तवर."

पुढच्या आठवड्यात फोन आला. ह्यांनी मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"काका, खरं सांगते," ती म्हणाली. "कच्ची आणि पिकलेली फळं एकत्र तोडली गेलीत. तुरट लागतेय. झाडं चांगली आहेत, मला खूप आवडली. पण यंदाची मला घेता येणार नाही. पुढच्या वर्षी फक्त लालभडक तेवढी तोडा, मग बघू."

"बरं, बाई. लई उपकार झाले," हे म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं वर्ष! कुठून आणायचं पुढचं वर्ष?

"दादांना एवढ्यात सांगू नका," मी म्हटलं.

"कबूल केलंय," हे म्हणाले, आणि चपला घालून स्वतः सांगायला गेले.  संध्याकाळी उंबऱ्याशी बसून कुऱ्हाड काढली आणि दगडावर घासत बसले. मी म्हटलं, "दुसरं कुणी तोडंल, तुमीच कशाला?" तर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातनं नको." ती घासण्याची किरकिर माझ्या दाढेत शिरली. त्या दिवशी भाकरी केली ती कुत्र्यानं खाल्ली.

सकाळी मी उठायच्या आत हे कुऱ्हाड घेऊन गेले होते. मी अंगणात सडा टाकत होते तर थोरले दीर दारात. "हाय का घरात?" त्यांनी जमिनीकडं बघत विचारलं.

आता हे सांगायला पाहिजे की लग्न होऊन आल्यापासून मी थोरल्या दिरांशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडं धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नाही. पदर घ्यायचा, आड व्हायचं आणि काही सांगायचंच असलं तर जाऊबाईंकडून सांगायचं. माझी पोरं मोठी झाली, केस पिकले, पण त्या माणसाला माझा आवाज माहीत नव्हता. त्या सकाळी माझ्या हातात सड्याची बादली होती आणि डोकं फिरलेलं होतं.

"न्हाईत घरात," मी तोंडावर म्हटलं. "गेल्यात झाडं तोडाया. तुमच्या उसाला जागा कराया. मुडदा बशिवला त्या उसाचा!"

ते एक पाऊल मागं सरकले. मी थांबायला पाहिजे होतं, पण ज्या बाईला बोलायला इतकी वर्षं लागली ती थांबते कशाला?

"सोयाबीन कुणी पुण्याहून येऊन चाखलंय का? तूर तुरट निघाली म्हनून कुणी रान मोडलंय का? तुमचा ऊस वाळला तवा आमी कुऱ्हाड घिऊन आलो का, दादा? म्या घागरीनं वाढवल्यात ती झाडं. माझ्या साड्या गेल्या. त्या माणसाचं आजवर काय उगवलं न्हाय, हे पयलं उगवलं, आन् तेबी त्यालाच तोडाया लावताय!"

माझा श्वास संपला. थोरले दीर चौकटीकडं बघत उभे. बोलले तेव्हा आवाज इतका बारीक की मला पुढं व्हावं लागलं.

"चहावाल्याला पाजली," ते म्हणाले. "धाराशिवच्या सायबाला पाजली. पुण्याला धाडली. एका हिरीचं पाणी पितो आपुन. मला कुणी इचारलं का, दादा, घोटभर घेता का म्हनून?"

 खरंच कुणी विचारलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, ते थुंकतील. पहिली फळं आल्यापासून मधल्या भिंतीपलीकडं त्यांच्या घरात भाजल्याचा वास जात होता आणि तो माणूस वाट बघत होता, हे आमच्या टाळक्यात आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा रागही आला, आधी बोलायला काय तोंड शिवलं होतं?

"घडीभर बसा," मी म्हटलं.

आणि मी चूल पेटवली. तिकडं रानात कुऱ्हाड चालली असेल, आणि इकडं मी तव्यावर बिया भाजतेय! घाईत अर्ध्या करपल्या, अर्ध्या कच्च्या राहिल्या. "दूध घालू का?" मी आतून विचारलं. "पुण्याच्या पोरीनं पिली तशी दे," ओट्यावरून उत्तर आलं. कोरी, बिनसाखरेची दिली. त्यांनी बशीत ओतली, फुंकर घातली, पुन्हा फुंकर घातली. मला वाटलं ओरडावं, प्या हो लवकर! त्यांनी घोट घेतला. तोंड असं झालं की मी दुसरीकडं बघितलं.

"लोक इकत घिऊन पित्यात ही?"

"व्हय."

"येडी हायती," ते म्हणाले, आणि बशी शेवटपर्यंत प्यायले. कपात उरलेली ओतली, तीही प्यायले. मग बशी खाली ठेवून विचारलं, "किती येळ झाला त्याला जाऊन?"

"उजाडायच्या आत गेल्यात."

ते उठले. दारातल्या आमच्या गाडीला किक मारली, लागली नाही. पुन्हा मारली, नाही लागली. ती तिथंच लोळवली आणि धोतराचा सोगा धरून पळत सुटले. मागं मी, पदर खोचून. रस्त्यावरची माणसं विचारायची, कोण गेलं, कोण गेलं? कुणाला उत्तर द्यायला आमच्याकडं दम नव्हता.

विहिरीवर पोचलो. मी आधी झाडं बघितली. सगळी उभी होती. हे पहिल्या झाडाच्या बुडाशी मांडी घालून बसले होते, कुऱ्हाड पुढ्यात. डोळे सुजलेले. आम्हा दोघांना बघून उठायला गेले, उठवेना.

"का रं?" थोरल्या दिरांनी धापा टाकत विचारलं.

"तुटंना, दादा," हे म्हणाले. "कुऱ्हाडीला धारच न्हाय."

थोरले दीर खाली वाकले. कुऱ्हाड उचलली आणि पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्त आलं. त्यांनी ते धोतराला पुसलं आणि कुऱ्हाड काखेत मारली.

"व्हय रं," ते म्हणाले, "पार बोथट हाय. ऱ्हाऊ दे."